भेगेतलं फूल आणि झुडपातला पोटरू

खाली वाका. आणखी. गुडघे टेकल्याशिवाय दिसायचं नाही.

साल १९२८, महिना मे. आपल्याकडे आंबे उतरवायचे दिवस. इथं दक्षिण गोलार्धात थंडी दाराशी आलेली. पश्चिम ऑस्ट्रेलियात, पर्थपासून आत सव्वादोनशे किलोमीटरवर कॉरिगिन नावाचं गाव आहे. त्याच्याजवळ जॅक ट्रॉट या शेतकऱ्याच्या जमिनीवर तुम्ही आहात. झुडपं तोडायची, बुंधे जाळायचे आणि गव्हासाठी रान मोकळं करायचं, हे काम या मुलखात जिकडेतिकडे चालू आहे. ट्रॉट एका जागी थबकतात. मातीला भेग पडलेली आहे आणि तिथून गोडसर वास येतोय. ते हातानं माती बाजूला करतात.

आत फूल आहे. उमललेलं, आणि तरीही मातीखाली. साय धरावी तशा पांढऱ्या-गुलाबी रंगाची जाड छदं गोल बसलेली, आणि त्यांच्या मधोमध चिमुकल्या तांबूस फुलांची दाटी. एकेका गुच्छात कधी डझनभर, कधी शंभरापर्यंत. हिरवा रंग औषधालाही नाही. पान नाही, मुळंही नाहीत. खाली एक जाडसर पांढरा कंद, बस. जमिनीखाली फुलणारं ऑर्किड, म्हणजे आपल्या आमरीच्या कुळातलं.

‘उपटू नका’ असं ओरडावंसं वाटतं ना? ओरडून उपयोग नाही आणि मी तर म्हणतो, ओरडूही नका. ट्रॉट यांनी ते उचललं नसतं, तर पुढच्या पेरणीला नांगरानं ते कापलं असतं आणि कोणाला कळलंही नसतं. नमुना वनस्पतिशास्त्रज्ञ चार्ल्स गार्डनर यांच्याकडे जाईल, तिथून ॲडलेडच्या डॉ. रॉजर्स यांच्याकडे. पेशानं ते डॉक्टर, पण ऑर्किडच्या नादानं जगभर ओळखले जाणारे. याच वर्षी ते वनस्पतीला नाव देतील: ऱ्हायझँथेला गार्डनेरी.

पुढची तीस-एक वर्षं या वनस्पतीचं दर्शन असंच घडत राहणार आहे. जी काही हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी झाडं मिळाली, ती रान साफ करताना, म्हणजे ज्या कामानं ती मरत होती त्याच कामात. हा विचित्र हिशेब लक्षात असू द्या, पुढे लागेल.

आता जरा आणखी खाली जाऊ. तुम्ही वेळेत मागे येऊ शकलात, तर मातीत शिरायला काय हरकत आहे? वरती जे झुडूप दिसत होतं ते मेलालूका. गावात त्याला ब्रूमबुश म्हणतात आणि त्याच्या काड्यांची कुंपणं करतात. त्याच्या मुळांना एका बुरशीचे तंतू चिकटलेले आहेत, केसापेक्षा बारीक. तेच तंतू इकडे ऑर्किडच्या कंदात शिरले आहेत. झुडूप उन्हात साखर बनवतं, त्यातला वाटा बुरशीला देतं आणि त्या वाट्यातून ऑर्किड आपला घास काढतं. २०१० च्या सुमारास संशोधक झुडपाला खुणेचा कार्बन खाऊ घालतील आणि तो बुरशीवाटे ऑर्किडमध्ये पोहोचलेला दाखवून देतील. २०११ मध्ये ऑर्किडच्या हरितलवकाचा जनुकसंच वाचला जाईल. साध्या हिरव्या वनस्पतीत तिथं शंभरावर जनुकं असतात, याच्यात उरली आहेत ३७. सूर्याशी असलेला व्यवहार या फुलानं कधीच मोडून टाकला आहे. मागे राहिलेत ते काही कागद, जे काढून टाकता येत नाहीत.

वर या. कपडे झटका. इथून आपल्याला तीनेकशे किलोमीटर दक्षिणेला आणि ८८ वर्षं मागे जायचंय, पोटरूला भेटायला.

१८४०. किंग जॉर्ज साउंड, आजचं ऑल्बनी. समुद्राचा खारा वारा, मागे ग्रॅनाइटचे उघडे खडक, आणि ओढ्यांच्या कडेनं झुडपांचं इतकं दाट जाळं की हात घातला तर कोपरापुढे दिसू नये. इथले मूळ रहिवासी, मेनांग नूंगार लोक, शिकार करतायत. झुडपांत एक लांब, अरुंद पट्टी मोडून मोकळी केली आहे. तिथं काही जण भाले घेऊन उभे. उरलेले, त्यात म्हातारी माणसं आणि बायका, दुसऱ्या टोकाकडून झुडपं बडवत, आरडाओरडा करत येतायत. आमच्याकडे हाका घालतात तसाच हाका. आणि पहा, मोकळ्या पट्टीत एकदम दोन तऱ्हेचे प्राणी धडपडत बाहेर पडले. एक गुबगुबीत, तो क्वोका. दुसरा त्याहून लहान, किलोभर वजनाचा, खाली वळलेल्या नाकाचा, फुगीर डोळ्यांचा. मागच्या पायांवर टुणटुणत जाणारा. तो पोटरू, कांगारूंच्या नात्यातला पिशवीवाला प्राणी.

बाजूला उभा असलेला इंग्रज जॉन गिल्बर्ट. लंडनचे पक्षिशास्त्रज्ञ जॉन गूल्ड यांच्यासाठी तो पक्षी-प्राणी जमवतो. गूल्ड परत गेले, हा मात्र तुटपुंज्या पैशांवर एकटा रान तुडवतोय. तो स्थानिकांना नावं विचारतो, आणि हे मला त्याचं फार आवडतं. या प्राण्याचं नाव तो ‘न्गिल-गाइट’ असं टिपून घेतो. तो नेहमी क्वोकाच्या सोबतीनं असतो आणि या परिसराबाहेर सापडल्याचं ऐकिवात नाही, हेही. १८४१ मध्ये गूल्ड या प्राण्याला त्याचंच नाव देतील. गिल्बर्टचा पोटरू.

शिकारीत मेलेले पोटरू बघून हळहळू नका. हे हाके कित्येक पिढ्या चालत आले होते आणि तरी दर हाक्याला झुडपातून पोटरू निघतच होते. काळजी करायची तर ती जहाजांतून उतरलेल्या मांजरांची करा, वसाहतीच्या कुऱ्हाडीची करा, आणि नूंगारांच्या हातून गेलेल्या आगपेटीचीही. कुठलं रान कधी आणि किती जाळायचं हे ज्यांना कळत होतं त्यांनाच तिथून हुसकून लावल्यावर आगी लागायच्या थांबल्या नाहीत, फक्त बेताल झाल्या.

गिल्बर्टबरोबर फार थांबता येणार नाही. पाच वर्षांनी, २८ जून १८४५ च्या रात्री, लाइकहार्ट या शोधप्रवाशाच्या मोहिमेत केप यॉर्कच्या बाजूला भाला लागून तो मरेल. पोटरूचे आणखी काही नमुने १८७० च्या दशकापर्यंत संग्रहालयांत पोहोचतील. मग काहीच नाही.

तुम्ही १९०० मध्ये या, काही नाही. १९३० मध्ये या. कोल्हे आता पूर्वेकडून वाळवंट ओलांडून पश्चिम ऑस्ट्रेलियात पसरलेत. इंग्रजांनी शिकारीच्या हौसेखातर या खंडात आणलेले. पोटरू काही दिसत नाही. १९५० मध्ये या, तरी नाही. पुस्तकांत त्याच्या नावापुढे ‘बहुधा नामशेष’ असं लागलेलं आहे.

१९६१ च्या डिसेंबरात मात्र जरा थांबा, कारण इथं कथेला एक आडवळण आहे. ऑल्बनीच्या पूर्वेला टू पीपल्स बे नावाचा उपसागर आहे. तिथं हार्ली वेबस्टर हे शाळामास्तर झुडपात कान देऊन उभे आहेत. आतून एक पक्षी कानठळ्या बसतील असा ओरडतोय आणि दिसत मात्र नाही. हा नॉइझी स्क्रब-बर्ड. १८४२ मध्ये हाही गिल्बर्टनंच पहिल्यांदा जगाच्या नजरेला आणला होता आणि हाही संपला असं सगळे धरून चालले होते. गंमत अशी की नेमक्या याच जागी कॅझुअरिना नावाचं गाव वसवायचा सरकारी बेत होता. पक्ष्यासाठी लोक भांडले, थेट प्रिन्स फिलिप यांनी शब्द टाकला, गाव रद्द झालं आणि १९६७ मध्ये ती जागा राखीव झाली.

पक्ष्यासाठी. पोटरूचं नावही त्या कागदपत्रांत येण्याचं कारण नव्हतं.

आणि फुलाचं काय? त्यासाठी १९७९ मध्ये मंग्लिनपला चला, दक्षिण किनाऱ्याजवळ. मधल्या काळात ‘वर्षाला दहा लाख एकर’ अशी घोषणा देऊन या राज्यानं रान मोकळं केलं आहे. गव्हाच्या पट्ट्यात मूळच्या झाडीतले तुकडे तेवढे उरलेत. रस्त्याच्या कडेला, रेल्वेच्या बाजूला, कुठल्या तरी टेकाडावर. मंग्लिनपला जॉन मॅकगिनेस रान साफ करतायत आणि मातीत त्यांना ते फूल दिसतं. वीस वर्षांत कोणाला दिसलं नव्हतं. पुन्हा तोच हिशेब, बघा: सापडलं ते नांगराखाली. यानंतर ऑर्किडवेडे लोक थंडीत गटागटानं बाहेर पडू लागले. मेलालूकाच्या खाली रांगत, पालापाचोळा बोटांनी सारत त्यांनी जुन्या पट्ट्यातही, बाबाकिन गावाजवळ, काही झाडं शोधली. २०१८ मध्ये मात्र असं ठरलं की दक्षिणेकडची, म्हणजे मॅकगिनेस यांना दिसलेली वनस्पती ही वेगळीच जाती. मूळच्या गार्डनेरीला त्यामुळे कॉरिगिन-बाबाकिनकडचे तुकडेच उरले. मोठी झालेली झाडं रानात पन्नासही नसावीत, असा अंदाज सांगितला जातो.

पन्नास, पण मोजणार कशी? पोटरू मोजायला सापळा लावता येतो, झुडपात कॅमेरा बांधता येतो. हे फूल मोजायचं तर माती उकरावी लागते आणि उकरताना बुरशीचे तंतू तुटतात. फार शोध घेतला तर आपणच त्याला मारणार, आणि शोध नाही घेतला तर त्या तुकड्यावरून रस्ता रुंद होणार. मला या दोघांची तुलना करताना सगळ्यात जास्त अडखळायला होतं ते इथं. प्राणी नाहीसा झाला असं म्हणायला निदान काही आधार असतो. जे उमलतंच मातीखाली, ते नाहीसं झालं हे कोणी आणि कशावरून सांगायचं?

१९९४, डिसेंबर. टू पीपल्स बे. माउंट गार्डनरचा उतार (हा गार्डनर वेगळा, आपल्या वनस्पतिशास्त्रज्ञाशी त्याचा संबंध नाही). एलिझाबेथ सिंक्लेअर ही संशोधक विद्यार्थिनी आणि तिचे सहकारी ॲड्रियन वेन यांनी क्वोका पकडायला सापळे लावले आहेत. सकाळी तुम्ही त्यांच्या मागोमाग झुडपं ओरबाडत जाताय. अंगावर ओरखडे, बुटांत पाणी. एका सापळ्यात क्वोका नाही. खाली वळलेलं नाक, फुगीर डोळे, दाट करडा-तपकिरी केसांचा गोळा. कोणालाच एकदम नाव सुचत नाही. सुचणार कसं? जिवंत पाहिलेलं माणूसच जगात उरलेलं नाही.

तुम्हाला मात्र माहीत आहे. हाक्यातून धडपडत निघालेला तो तुम्ही १८४० मध्ये पाहिलाय, आणि क्वोकाची सोबत त्यानं अजून सोडलेली नाही. गिल्बर्टच्या टिपणातलं ते वाक्य दीडशेहून अधिक वर्षांनी खरं ठरलं, ते क्वोकासाठी लावलेल्या सापळ्यात.

हा पोटरू काय खातो हे तपासलं तेव्हा कळलं की तो जवळजवळ बुरशीवरच जगतो. दहातला नऊ वाटा जमिनीखालच्या कवकांचा. वासानं शोधायची, पुढच्या पंजांनी उकरायची आणि खायची. ही कवकंही झुडपांच्या मुळांशी बांधलेली असतात. ऑर्किडची बुरशी ती नव्हे, कवकं वेगळी, गावं वेगळी; पण दोघांचं बिऱ्हाड एकाच तऱ्हेच्या व्यवहारावर चाललेलं आहे. झुडूप वर साखर बनवतं, बुरशी ती खाली नेते आणि मग कोणी तरी बुरशीकडून घेतं. फरक इतकाच की पोटरू घेतल्याची परतफेड करतो. कवकांचे बीजाणू त्याच्या पोटातून शाबूत बाहेर पडतात आणि लेंड्यांबरोबर नव्या जागी पोहोचतात. त्याची चुलतबहीण वॉयली वर्षाला पाचेक टन माती उकरते असं मोजलेलं आहे, आणि ती स्वतः आहे जेमतेम किलो-दीड किलोची.

फूल काही परत देतं का? झुडपाला आणि बुरशीला देत असेल असं दिसत नाही. प्राण्यांना मात्र देत असावं. बहुतेक ऑर्किडचं बी धुळीसारखं असतं, वाऱ्यावर उडतं. जमिनीखाली वारा कुठला? म्हणून की काय, या ऑर्किडला चक्क गरदार फळ येतं. उकरून खाणाऱ्या वॉयलीसारख्या लहान पिशवीवाल्या प्राण्यांनी ते खावं आणि बी लांब नेऊन टाकावं अशी ही सोय असणार, असा अभ्यासकांचा कयास आहे. आता पुन्हा १९२८ मधल्या त्या भेगेपाशी जाऊन बघा. कोल्हे तिथं पोहोचलेत. वॉयली गव्हाच्या पट्ट्यातून जवळपास पुसली जाणार आहे. फळ पिकेल आणि आईच्याच पायाशी पडून राहील. ट्रॉट यांचा नांगर पुढच्या शेतातून वळवता आला असता, तरी ही अडचण सुटली नसती.

इथं एक वनस्पती मात्र प्राण्यांच्या मदतीला आली, आणि ती गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. नैर्ऋत्य ऑस्ट्रेलियात गॅस्ट्रोलोबियम नावाची शेंगवर्गी झुडपं आहेत. त्यांच्यात फ्लोरोॲसिटेट हे विष असतं. पहिल्या वसाहतवाल्यांची गुरं ती खाऊन पटापट मेली. इथले मूळचे प्राणी मात्र हजारो वर्षं त्या झुडपांच्या शेजारात राहून ते विष बरंचसं पचवायला शिकलेत. तेच विष ‘१०८०’ या नावानं मांसाच्या आमिषात घालून ठेवलं की कोल्हा मरतो आणि वॉयलीला धक्का लागत नाही. १९९६ मध्ये राज्यानं ‘वेस्टर्न शील्ड’ नावाखाली ही आमिषं विमानांतून टाकायला सुरुवात केली. माझ्या मते या सगळ्या प्रकरणात माणसानं केलेली ही सर्वात शहाणी गोष्ट, कारण उत्तर त्या मातीतच होतं. तरी हुरळून जाऊ नये. वॉयली सुधारली म्हणून १९९६ मध्ये संकटग्रस्त यादीतून काढली, आणि दहा-एक वर्षांत तिची संख्या पुन्हा कोसळली.

२००५. बोटीत बसा, घट्ट धरून. ऑल्बनीच्या पूर्वेला बॉल्ड आयलंड हे ग्रॅनाइटचं बेट. कोल्हा नाही, मांजर नाही, आणि क्वोका आधीपासून आहेत. कापडी पिशव्यांतून पोटरू इथं आणून सोडले जातायत. पिशवीचं तोंड उघडतं, एक नाक बाहेर येतं आणि क्षणात झुडपात गडप. संपलं स्थलांतर. जागा नवी, पण पायांना उकरायचं कसं ते ठाऊक आहे आणि नाकाला शोधायचं काय ते. शिवाय या जातीच्या मादीची एक खुबी: पिशवीत एक पिल्लू असताना पोटात दुसरा गर्भ थोपवून ठेवलेला असतो. पिशवीतलं गेलं, तर तो वाढू लागतो.

किती दूरदृष्टी होती हे २०१५ च्या नोव्हेंबरात कळतं. विजेनं लागलेली आग टू पीपल्स बेवरून जाते आणि पोटरूंच्या अधिवासातला सुमारे ९० टक्के भाग जाळते. तुम्ही त्या काळ्या उतारावर उभे राहिलात तर पहिला विचार हाच येईल की १९९४ ला सापडलं ते सगळं व्यर्थ. पण बेटावरचे पोटरू शाबूत होते. पुढे एस्परन्सजवळच्या मिडल आयलंडवरही त्यांना नेऊन सोडलं गेलं. सगळे मिळून शंभराच्या आसपास. जगातल्या सर्वात दुर्मीळ पिशवीवाल्या प्राण्यांपैकी एक आजही तोच, पण त्याची सगळी अंडी एका टोपलीत नाहीत.

फुलाला बोटीतून नेता येतं का? न्यायचं तर मेलालूका हवं, त्याच्या मुळांवर नेमकी तीच बुरशी हवी, मग त्यात बी रुजवायचं. जॅक वॉरकप यांनी ॲडलेडमध्ये १९८५ पर्यंत हे करून दाखवलं होतं. झुडूप, बुरशी आणि ऑर्किड एका कुंडीत. शक्य आहे, पण तीन जिवांची मोट बांधावी लागते, आणि रानातल्या तुकड्यांत तर पाऊसही १९७० च्या दशकापासून कमी झालेला आहे. त्यातून जमिनीला मीठ चढतंय. खोल मुळांची झाडं काढल्यावर भूजल वर येतं आणि मीठ घेऊन येतं, हे रेल्वेतले इंजिनिअर वुड यांनी १९२४ मध्येच लिहून ठेवलं होतं, म्हणजे ट्रॉट यांना भेग दिसण्याच्या चार वर्षं आधी. ऐकायला कोणी मोकळं नव्हतं.

म्हणून माझं मत असं: पोटरूला वाचवणं हे अवघड असलं तरी कळणारं काम आहे, कारण त्याला डोळे आहेत, पिल्लू आहे, छायाचित्र काढता येतं आणि पिशवीत घालून हलवता येतं. फुलाला वाचवायचं म्हणजे त्याला हातही न लावता आजूबाजूचं रान तसंच ठेवायचं. त्यात दाखवण्यासारखं काही नाही, निधी मागायला चेहरा नाही. पण पोटरूसुद्धा शेवटी त्या रानातल्या मुळांवरच्या बुरशीवरच जगतो. बेटावर जागा संपली की त्यालाही मुख्य भूमीवर तसंच रान लागेल. फुलाचं काम जे टाळतात, ते पोटरूचं कामही अर्ध्यावर सोडतायत.

आता आजच्या तारखेला परत येऊ. पर्थ-ऑल्बनीकडे तुमची लेक किंवा भाचा राहत असेल, तुम्ही कधी भेटायला जाल आणि ते तुम्हाला रान दाखवायला नेतील. तिकडे फायटोप्थोरा नावाचा एक सूक्ष्मजीव बँक्सियासारख्या झाडांची मुळं कुजवतो, अख्खे उतार वाळवतो आणि एका रानातून दुसऱ्या रानात जातो तो बुटांना आणि टायरांना लागलेल्या ओल्या मातीतून. तिथल्या कित्येक पायवाटांच्या तोंडाशी बूट घासायचे ब्रश ठेवलेले असतात. पोटरू तुम्हाला दिसणार नाही आणि फूल शोधायला जाऊच नका. ब्रश मात्र वापरा, तळवे नीट घासा, आणि आखलेल्या वाटेवरूनच चाला.